नवजात बाळाची धाप : आधी दुपटं सोडा, मग निदान करा

शाहूवाडीचा_पाऊस

उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणाच्या खोलीत लावायला एकच पान तयार करायचं आहे. विषय आहे जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाचा श्वास. पुस्तकातला उतारा नको. नव्या सिस्टरला रात्री दोन वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना वाचून लगेच वापरता येईल असं हवं. कच्चा मसुदा टाकतोय, मोकळ्या हातानं फाडा.

"बाळ शांत असताना मोजा. रडत असेल, अंगावर पीत असेल तर थांबा. छाती आणि पोट दोन्ही दिसतील इतकं दुपटं सोडा. घड्याळ डोळ्यांसमोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साधारण ४० ते ६० च्या आत ठीक. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एक मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर तो जलद श्वास. बरगड्यांखाली छाती खोल आत जाते का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हतं का, जीभ निळी आहे का, हे बघा. यातलं एकही असेल तर १०८ ला फोन."

सिस्टर_रात्रपाळी

'पूर्ण एक मिनिट' हे मोठ्या अक्षरात छापा. १५ सेकंद मोजून चारनं गुणायची सवय मोठ्यांच्या वॉर्डातून येते आणि इथं घात करते. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर आठ-दहा श्वास, मग पाच-सात सेकंद गप्प, पुन्हा भराभर. पाव मिनिटात तुमच्या वाट्याला गप्प भाग आला तर ८ भरतील, म्हणजे ३२. भराभर भाग आला तर २२, म्हणजे ८८. बाळ एकच, निदानं दोन.

मोजताना छातीकडे नव्हे, पोटाकडे बघा. या वयात श्वासाचं काम मुख्यतः श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) करतं, त्यामुळं पोट ठळक हलतं. छातीवर हात ठेवून मोजू नका. हात गार असला की बाळ दचकतं आणि आकडा बिघडतो. उघडं करायचं ते वॉर्मरखाली, नाहीतर पंखा बंद करून, खिडकी लावून. गारठलेलं बाळ आपोआपच धापतं, मग आपणच केलेला आजार आपणच मोजत बसतो.

निळेपणासाठी जीभ आणि हिरड्या बघा. तळहात-तळपाय पहिला दिवसभर निळसर राहू शकतात, त्याचं काही नाही. जीभ निळी असेल तर मात्र ते खरं.

भोगावती_काठ

मसुदा बरोबर आहे, पण कण्हणं इतर लक्षणांच्या रांगेत तिसरं टाकलंय ते पटलं नाही. ते वर घ्या.

कारण सांगतो. फुप्फुसातले वायुकोश श्वास सोडताना मिटायला लागले की बाळ घशातली फट अर्धवट बंद करून हवा अडवून धरतं. अडलेल्या हवेच्या दाबानं वायुकोश उघडे राहतात. तो 'अंऽ अंऽ' आवाज म्हणजे बाळानं स्वतःच लावलेला सीपॅप (दाबानं हवा देऊन फुप्फुस उघडं ठेवणारं यंत्र). आई म्हणते, "बाळ झोपेत गुणगुणतंय", आजी म्हणते, "कुंथतंय". प्रत्येक श्वास सोडताना तो आवाज येत असेल तर ते गुणगुणणं नव्हे. जन्मानंतर पहिल्या काही मिनिटांत थोडं कण्हणं चालतं. तासाभरानंतरही चालू असेल तर वाट बघायची नाही.

आवाज श्वासाच्या कुठल्या टप्प्यावर येतो यावरून अर्धं निदान होतं. सोडताना कण्हणं म्हणजे अडचण फुप्फुसात. घेताना शिट्टीसारखा किंवा कोंबड्यासारखा आवाज म्हणजे अडचण स्वरयंत्राच्या आसपास. घोरल्यासारखा आवाज नाक-घशातला.

आणि एक. श्वास ७०-८० आहे, पण छाती ओढत नाही, कण्हत नाही, बाळ तसं शांत दिसतं, अशा बाळाला 'सौम्य' म्हणून मागं ठेवलं जातं. फुप्फुस मऊ असल्यामुळं ओढ लागत नाही, मग धाप कशाची? हृदयाची, रक्तात साठलेल्या आम्लाची, किंवा जंतुसंसर्गाची सुरुवात. शांत धाप जास्त फसवी असते.

पेटीजवळचा_स्टूल

श्वासाच्या त्रासाला गुण द्यायचे, त्या गुणांकनाचं काय करणार? एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) डाऊन्स वापरतात, बऱ्याच ठिकाणी सिल्व्हरमन-अँडरसन चालतो. पानावर एकच ठेवा.

सिस्टर_रात्रपाळी

उपकेंद्रावर सिल्व्हरमन. स्टेथोस्कोपविनाही बहुतेक जमतो. पाच गोष्टी, प्रत्येकी ०, १ किंवा २ : छाती-पोट बरोबर उचलतात की झोपाळ्यासारखे उलटसुलट, बरगड्यांमधली ओढ, छातीच्या हाडाच्या टोकाशी पडणारा खळगा, नाकपुड्या, कण्हणं. कण्हणं फक्त स्टेथोस्कोपमधून ऐकू येत असेल तर १, नुसत्या कानाला ऐकू आलं तर २. ४ च्या वर गेला की हलवायची तयारी, ७ किंवा जास्त म्हणजे बाळ थकायच्या बेतात.

भोगावती_काठ

सहमत, पण दोन खिळे ठोकतो.

सिल्व्हरमन मुळात कमी दिवसांच्या बाळांसाठी, १९५६ चा. पूर्ण दिवसांच्या बाळाची छाती कडक असते, ओढ कमी दिसते, गुण कमी येतात. डाऊन्समध्ये श्वासाचा वेग आणि निळेपणा धरलेला असल्यामुळं तो सगळ्या वजनांना चालतो : वेग ६० च्या खाली ०, ६० ते ८० ला १, ८० च्या वर किंवा श्वास थांबत असेल तर २. निळेपणा साध्या हवेत नाही तर ०, साध्या हवेत आहे पण ४० टक्के ऑक्सिजनवर जातो तर १, ४० टक्क्यांवरही राहतो तर २. मग ओढ, कण्हणं, आणि फुप्फुसात हवा किती शिरतेय ते.

दुसरा खिळा मोठा. एकच आकडा कामाचा नाही, दर अर्ध्या तासानं लिहिलेली रांग कामाची. आणि रांग वाचतानाही सावध राहा. श्वास ८४ वरून ५० वर आला, कण्हणं थांबलं, गुण उतरले, सगळे निवांत. पण बाळ मलूल आहे, हातपाय टाकलेत, रंग राखेसारखा. ते बरं झालेलं नाही, दमलंय. पुढची पायरी श्वास थांबण्याची. म्हणून गुणांच्या शेजारी 'हालचाल' आणि 'रंग' असे दोन रकाने हवेत.

शाहूवाडीचा_पाऊस

रकाने घेतले. श्वास थांबण्याची व्याख्या २० सेकंदच ठेवू ना?

भोगावती_काठ

२० सेकंद किंवा जास्त. शिवाय २० पेक्षा कमी थांबला तरी त्यात बाळ निळं पडलं किंवा ठोके १०० च्या खाली गेले तर तोही धरायचा. ५-१० सेकंदांचे थांबे, रंग-ठोके जागेवर, ते नेहमीचं. कमी दिवसांच्या बाळाचा श्वास कमी दिवसांमुळं थांबू शकतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा थांबला तर कारण सापडेपर्यंत ते आजारीच. साखर, जंतुसंसर्ग, झटका, या तिन्हींचा शोध घ्या.

गडहिंग्लज_उपजिल्हा

आमच्याकडं चंदगड-आजऱ्याकडून येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'श्वासाला त्रास' एवढंच असतं. निदानाला सगळ्यात जास्त मदत करते ती वेळ, आणि नेमकी तीच नसते. त्रास जन्मल्यापासून किती वेळानं सुरू झाला? पानावर तास टाका.

पहिल्या काही मिनिटांत : जन्मतःच नाकाची मागची वाट बंद, श्वासपटलाला भोक, फुप्फुसाबाहेर हवा फुटणं, किंवा गुदमरलेलं बाळ.

पहिल्या सहा तासांत : चार नेहमीचे पाहुणे. कमी दिवसांचं बाळ आणि वाढत जाणारं कण्हणं, तर सर्फॅक्टंटची (वायुकोश उघडे ठेवणाऱ्या स्रावाची) कमतरता. सिझेरियन, तेही कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेलं, बाळ ३५ ते ३८ आठवड्यांचं, धाप बरीच पण ओढ बेताची, तर फुप्फुसात राहिलेलं पाणी. गर्भजल हिरवं-घट्ट, नखं-नाळ पिवळट, छाती पिंपासारखी फुगलेली, तर शी फुप्फुसात गेलेली. आईला ताप, पाणी जाऊन १८ तासांच्या वर झालेले, किंवा पाण्याला घाण वास, तर न्यूमोनिया.

दुसरा दिवस ते आठवडा : जंतुसंसर्ग, किंवा हृदय. जन्मानंतर एक नलिका बंद होत जाते. ज्या बाळाचं रक्ताभिसरण त्या नलिकेवरच चाललेलं असतं ते तोवर ठणठणीत दिसतं आणि अचानक ढासळतं. जांघेतली नाडी चाचपून बघा. हाताची लागते आणि जांघेची लागत नसेल तर थेट हृदयाच्या डॉक्टरांकडं.

पेटीजवळचा_स्टूल

'फुप्फुसातलं पाणी' हे निदान लई स्वस्त झालंय. सिझेरियनच्या प्रत्येक धापणाऱ्या बाळाला तोच शिक्का. ते निदान बाकीचं सगळं वगळून, शेवटी करायचं. ते बाळ पहिल्या काही तासांनंतर हळूहळू सुधारलंच पाहिजे आणि बहुतेक वेळा २४ ते ७२ तासांत मोकळं झालं पाहिजे. सहा तासांनी धाप वाढतेय किंवा ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन लागतोय, तर शिक्का पुसा आणि नव्यानं विचार करा.

काळीपांढरी_फिल्म

एक्स-रेबद्दल मी बोलतो, कारण चुकीची फिल्म चुकीचं निदान छापून देते.

श्वास सोडताना काढलेली फिल्म पांढरी येते आणि हुबेहूब सर्फॅक्टंटच्या आजारासारखी दिसते. बाळाचं पोट बघा, ते वर आलं की त्या क्षणी बटण दाबा. उजव्या बाजूचं श्वासपटल मागच्या ८ व्या बरगडीपर्यंत उतरलेलं दिसलं तर श्वास पुरेसा आत होता. ६ व्या वरच थांबलं असेल तर आधी फिल्मवर संशय घ्या. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची लांबी सारखी नसेल तर बाळ वळलेलं होतं. वळलेल्या बाळाचं हृदय सरकलेलं दिसतं आणि एक फुप्फुस काळं.

नेहमीचे फसवे चार. थायमस ग्रंथी, शिडाच्या आकाराची, उजव्या वरच्या भागात. तिला न्यूमोनिया म्हणतात. पाठीखाली गोळा झालेल्या कातडीची घडी, हवा फुटल्यासारखी रेघ दाखवते. ती रेघ छातीच्या बाहेर पोटापर्यंत किंवा काखेकडं जाते का बघा, गेली तर घडीच. पेटीच्या छतातलं गोल भोक बाळाच्या छातीवर उमटतं आणि फुप्फुसात पोकळी असल्याचा भास होतो. बाळाला किंवा कॅसेटला चार बोटं सरकवून पुन्हा काढा. आणि ईसीजीच्या चकत्या-वायरी, त्या आधी बाजूला घ्या.

आता खरं काय दिसतं ते. सर्फॅक्टंटची कमतरता : दोन्ही फुप्फुसं लहान, घासलेल्या काचेसारखी धुरकट, त्यातून हवेच्या काळ्या नळ्या फांद्यांसारख्या दिसतात. राहिलेलं पाणी : फुप्फुसं फुगलेली, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघा, उजव्या बाजूच्या भेगेत पाण्याची बारीक रेघ. शी गेलेली : ठिगळं-ठिगळं, कुठं पांढरं कुठं फुगलेलं. न्यूमोनिया : यातलं काहीही.

भोगावती_काठ

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा! काही जंतूंचा, विशेषतः बी गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसचा, न्यूमोनिया घासलेल्या काचेसारखाच दिसतो. फिल्मवरून तो वगळता येत नाही. म्हणून कमी दिवसांच्या धापणाऱ्या बाळाचं रक्ताचं कल्चर (जंतू वाढतात का ती तपासणी) पाठवून अँटिबायोटिक सुरू करणं आणि कल्चर निर्जंतुक आलं, बाळ सुधारलं की ते बंद करणं, दोन्ही तितकंच महत्त्वाचं. कल्चरला रक्त किमान १ मिली. दोन थेंब टाकून 'निगेटिव्ह' आलं तर त्याला अर्थ नाही. सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारा घटक) जन्मल्या-जन्मल्या काढून उपयोग नाही, वाढायला वेळ लागतो. १२ ते २४ तासांनी काढा.

पेटीजवळचा_स्टूल

जिथं एक्स-रे रात्री मिळत नाही तिथं जुनी पोटातल्या पाण्याची चाचणी विसरू नका. पहिल्या तासात, दूध देण्याआधी, नळीनं पोटातलं पाणी ओढायचं. त्यातलं अर्धा मिली आणि अर्धा मिली शुद्ध अल्कोहोल स्वच्छ परीक्षानळीत. १५ सेकंद जोरात हलवायचं, १५ मिनिटं उभं ठेवायचं. कडेला बुडबुड्यांचं पूर्ण कडं राहिलं तर फुप्फुस पिकलेलं. एकही बुडबुडा नाही तर सर्फॅक्टंट कमी. मधलं काही दिसलं तर मधलंच समजा. पाण्यात रक्त किंवा शी मिसळली असेल तर भरवसा नाही. नळीला साबण राहिला असेल तर फेस साबणाचा.

आता छातीची सोनोग्राफीही बरीच पुढं गेलीय, किरणं नाहीत, पेटीतल्या पेटीत होते. पण शिकलेला हात लागतो.

दहा_लिटर

यंत्रांच्या बाजूनं. पल्स ऑक्सिमीटरमुळं होणारी अर्धी घबराट आणि अर्धी गाफिली सेन्सरमुळं असते.

मोठ्यांचा बोटाला लावायचा चिमटा बाळाच्या पायाला लावू नका, आकडा खोटा येतो. पट्टीचा सेन्सर हवा. त्यात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. दोन्ही बरोबर समोरासमोर आले पाहिजेत. पट्टी सैल असली तर उजेड बाजूनं शिरतो, आवळली तर रक्त थांबतं. उजव्या मनगटाला किंवा तळव्याला लावताना काळ्या मण्यांची मणगटी वर सरकवा नाहीतर काढा. सेन्सर मण्यांवर बसला की यंत्राच्या पडद्यावरची नाडीची लाट तुटक येते. काविळीच्या निळ्या दिव्याखाली किंवा वॉर्मरखाली असेल तर वरून दुपट्याची घडी टाका. गार पायावर लाटच मिळत नाही, आधी पाय गरम करा.

आकडा लिहिण्याआधी दोन गोष्टी : लाट सलग आहे का, आणि यंत्रावरचे ठोके स्टेथोस्कोपच्या ठोक्यांशी जुळतात का. ठोके जुळत नसतील तर सॅच्युरेशनही खोटं.

सिस्टर_रात्रपाळी

यात जन्मल्यावरचे आकडे जोडा, नाहीतर दोन मिनिटांच्या बाळाचं सॅच्युरेशन ६८ बघून ऑक्सिजन लावला जातो. उजव्या हातावर पहिल्या मिनिटाला ६०-६५, दुसऱ्याला ६५-७०, तिसऱ्याला ७०-७५, चौथ्याला ७५-८०, पाचव्याला ८०-८५, दहाव्या मिनिटाला ८५-९५. पोटातलं बाळ त्याच आकड्यांवर वाढलेलं असतं, त्याला बाहेर यायला वेळ द्या.

भोगावती_काठ

आणि वरचा आकडाही लिहा. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाला ९० ते ९५ पुरे. १०० दिसलं की सगळ्यांना बरं वाटतं, पण १०० च्या पुढं रक्तात ऑक्सिजन किती साठलाय हे यंत्र सांगू शकत नाही आणि त्याची किंमत बाळाचा डोळ्याचा पडदा मोजतो. साध्या हवेत १०० असेल तर हरकत नाही. नळी लावून १०० असेल तर ऑक्सिजन कमी करा.

हृदयासाठीची तपासणीही याच यंत्रात होते. २४ तासांनंतर, घरी सोडण्याआधी, उजवा हात आणि कुठलाही एक पाय. कुठल्याही एका ठिकाणी ९५ किंवा जास्त आणि दोन्हीतला फरक ३ किंवा कमी, तर ठीक. कुठंही ९० च्या खाली, तर लगेच पुढं. मधलं आलं तर तासाभरानं पुन्हा, असं एकूण तीनदा. तिसऱ्यांदाही तेच तर हृदयाची सोनोग्राफी. तीन मिनिटांचं काम आहे.

धापणाऱ्या बाळात हात आणि पाय यांच्यात १० किंवा जास्त फरक दिसला, हात वर पाय खाली, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब उतरलेला नाही. शी गेलेल्या बाळात हे हमखास शोधा.

राधानगरी_आशागट

आशाताईंना भेटीत सगळ्यात जास्त ऐकू येतं ते "बाळाच्या छातीत घरघर करतंय". छातीला हात लावला तर खरंच थरथर जाणवते. त्या प्रत्येक बाळाला पाठवायचं का?

सिस्टर_रात्रपाळी

नाही. आधी तेच : दुपटं सोडा, एक मिनिट मोजा. ६० च्या खाली, ओढ नाही, अंगावर नीट पितंय, रंग गुलाबी, तर ती घरघर नाकातली. बाळ नाकानंच श्वास घेतं, नाकात थोडा शेंबूड असला तरी आवाज छातीपर्यंत पोचतो. प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे एक-दोन थेंब, दूध पाजण्याआधी. मोठ्यांचे नाक मोकळं करायचे थेंब बाळाला अजिबात नाहीत, श्वास मंदावू शकतो.

पिणं हे फार चांगलं यंत्र आहे. धापणारं बाळ दोन-तीनदा ओढतं, सोडतं, दम घेतं, कपाळावर घाम येतो. काल पीत होतं आणि आज सोडून दिलं, ही बातमी श्वासाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची.

राधानगरी_आशागट

मग घरातल्या गोष्टीही पानाच्या मागच्या बाजूला टाकूया. आंघोळीनंतर नाकात तेल सोडणं : तेल श्वासनळीत उतरतं, खोकला येत नाही त्यामुळं कळत नाही, आणि चिवट न्यूमोनिया होतो. टाळूला, अंगाला लावा, नाकात नको. ओव्याची धुरी आणि बंद खोलीतली शेकशेगडी : धूर आणि निखाऱ्याचा विषारी वायू. आजीशी भांडून हे बंद होत नाही. "शेगडी बाहेर पेटवा, पाणी तापवा, शेक गरम कपड्यानं द्या" असं सांगितलं की जमतं. आणि घुटी, मध पाजताना ठसका लागतो ते वेगळंच.

संस्थेत बाळंतपण झालं असेल तर आमच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. म्हणजे दुसऱ्या दिवसाची धाप आईलाच ओळखता आली पाहिजे. सोडताना आईच्या हातात घड्याळ देऊन एकदा तिच्याकडून मोजून घ्या.

गडहिंग्लज_उपजिल्हा

जन्मजात अडथळ्यांच्या तीन चाचण्या राहिल्या, सगळ्या फुकटातल्या.

बाळ शांत असताना निळं, रडायला लागलं की गुलाबी : नाकाची मागची वाट बंद असणार. रडताना तोंडानं हवा जाते. थंड स्टीलचा चमचा एकेका नाकपुडीखाली धरा, वाफ धरते का बघा. मग ६ नंबरची नळी दोन्ही बाजूंनी घालून बघा. तीन-साडेतीन सेंटीमीटरवर अडली तर संशय पक्का. तोवर तोंडात श्वासमार्गाची नळी (एअरवे) ठेवा.

तोंडातून सारखा फेस, पुसला तरी पुन्हा, पहिल्या घोटाला ठसका : अन्ननलिका बंद. १० नंबरची जरा कडक नळी तोंडातून घाला, १० ते १२ सेंटीमीटरवर अडेल. पातळ नळी वापरू नका, ती आतच वेटोळं घालते आणि पोटात गेल्यासारखं वाटतं. दूध पूर्ण बंद, डोकं वर, फेस सारखा ओढत राहा.

पोट खपाटीला गेलेलं, छाती फुगलेली, ठोके उजवीकडं ऐकू येतात : श्वासपटलाला भोक, आतडी छातीत. या बाळाला मास्क-पिशवीनं हवा देऊ नका. हवा आतड्यात जाते, आतडी फुगून फुप्फुस आणखी दाबलं जातं. तोंडातून मोठी नळी पोटात घालून हवा काढत राहा. श्वास द्यायचाच असेल तर थेट श्वासनळीत नळी घालून.

काळीपांढरी_फिल्म

यातल्या दुसऱ्या, म्हणजे अन्ननलिका बंद असलेल्या बाळाची फिल्म काढताना मानेपासून पोटापर्यंत घ्या, नळी जागेवर ठेवून. वेटोळं कुठं आहे आणि पोटात हवा आहे का, दोन्ही एकाच फिल्मवर दिसतं. पोटात हवा असेल तर श्वासनळी आणि अन्ननलिकेचा खालचा भाग जोडलेला आहे.

पेटीजवळचा_स्टूल

अचानक ढासळलेल्या बाळाला मात्र फिल्मची वाट नको. खोली अंधारी करा, थंड उजेडाची बॅटरी काखेखाली टेकवा. एक बाजू कंदिलासारखी पूर्ण उजळली तर हवा फुटलीय. कमी दिवसांच्या बाळात हे झकास दिसतं. पूर्ण दिवसांच्या, जाड कातडीच्या बाळात नाही दिसलं म्हणून नाही असं समजू नका.

शाहूवाडीचा_पाऊस

आता हलवण्याचा भाग. गगनबावड्याकडून जुलैत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की वाटेत अडकून पडायची वेळ येते. ऑक्सिजनचा हिशोब कसा लिहू?

दहा_लिटर

माझं नाव त्यावरूनच आहे. रुग्णवाहिकेतला बी टाइप सिलेंडर साधारण १० लिटर पाण्याच्या मापाचा. गेजवरचा किलोचा आकडा गुणिले १०, इतके लिटर ऑक्सिजन. भरलेला १५०, म्हणजे १५०० लिटर. गेज ५० दाखवतंय म्हणजे ५००. नाकातल्या नळीला मिनिटाला १ लिटर धरला तर ५०० मिनिटं. डोक्यावरच्या हुडला मिनिटाला ५ तरी लागतात, नाहीतर आत बाळानं सोडलेलाच वायू साठतो. मग तेच ५०० लिटर १०० मिनिटांत संपले. रस्त्याला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट धरा. पावसात तिप्पट. आणि पाना सिलेंडरला दोरीनं बांधून ठेवा, नेमका तोच सापडत नाही.

गडहिंग्लज_उपजिल्हा

निघण्याआधी चार गोष्टी. तापमान ३६.५ ते ३७.५. साखर ४५ च्या खाली असेल तर आधी ती सुधारा. श्वास ७० च्या वर किंवा ओढ असेल तर तोंडानं दूध नको. नळी घालायची तर तोंडातून, नाकातून घातली की अर्धी वाट आपणच बंद केली. बाळाला धाप बेताची असेल तर आईच्या उघड्या छातीशी बांधून न्या, पेटीपेक्षा ऊब चांगली टिकते. मान सरळ, हनुवटी छातीवर टेकलेली नको. अँटिबायोटिकचा पहिला डोस निघण्याआधी, आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर.

चिठ्ठीवर हे : जन्मवेळ, किती आठवडे, रडायला किती वेळ लागला, पाण्याचा रंग, पाणी जाऊन किती तास, आईला ताप, आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं किती आणि कधी, व्हिटॅमिन के दिलं का, त्रास सुरू झाल्याची वेळ, पहिला श्वासदर, सॅच्युरेशन आणि ते ऑक्सिजनवर की साध्या हवेत. फोन आधी करा. चंदगडच्या पश्चिम भागातून गडहिंग्लज की बेळगाव की थेट कोल्हापूरच्या दसरा चौकातलं सीपीआर रुग्णालय, हे बाळ गाडीत घातल्यावर ठरवू नका.

भोगावती_काठ

स्टिरॉइडचं बरं आठवलं. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम, १२ तासांनी, चार डोस. पहिला डोस पाठवण्याआधीच द्या. चारही होणार नाहीत म्हणून पहिलाच न देणं, ही चूक फार होते.

शाहूवाडीचा_पाऊस

सगळं एका पानात मावणार नाही. पुढच्या बाजूला : दुपटं, पूर्ण मिनिट, कण्हणं पहिलं, सिल्व्हरमनचं कोष्टक आणि त्याशेजारी हालचाल-रंगाचे रकाने. मागं : तासांप्रमाणं कारणं, तीन फुकटच्या चाचण्या, सिलेंडरचा गुणाकार, चिठ्ठी. एक्स-रेचं वेगळं पान, ते गडहिंग्लज आणि सीपीआरच्या खोलीसाठी.

सिस्टर_रात्रपाळी

लॅमिनेट करा, पण चकचकीत नको, वॉर्मरच्या दिव्याखाली वाचता येत नाही. आणि पान वॉर्मरच्या डोक्याशी लावतात, तिथं नको. सेकंदकाट्याचं घड्याळ ज्या भिंतीवर आहे तिथं, घड्याळाच्या बरोबर खाली. घड्याळाचे सेल तेवढे आधी बघून घ्या.